सिंगापूरच्या तोफा खरंच उलट्या होत्या का?



‘सिंगापूरला राहतेस, तर तिथलं काहीतरी सांग, पण मॉल नको,’ अशी संयोजकांची सूचना होती. म्हणून तोफांबद्दल बोलते.

सिंगापूर पडलं कारण इंग्रजांच्या तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या आणि जपानी मागून आले, ही गोष्ट जगभर हसत सांगतात. मागून आले हे खरं. ८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून ते बेटावर उतरले. पण तोफा वळत नव्हत्या, हे खोटं.

चांगीला ‘जोहोर बॅटरी’ होती. नाव जोहोरच्या सुलतानाच्या देणगीवरून, आणि शत्रू आला तोही जोहोरमधूनच! तिथे तीन तोफा होत्या. नळीचा व्यास १५ इंच, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या नव्हे, फळ्यावरच्या फूटपट्टीपेक्षाही तीन इंच जास्त. त्यातल्या दोन उत्तरेकडे वळत होत्या आणि त्यांनी मारा केलासुद्धा. अडचण गोळ्यांची होती. बहुतेक गोळे युद्धनौकांचं पोलाद भेदण्यासाठी बनवलेले. ते मऊ जमिनीत खोल घुसून मग फुटत, पायदळाचं फारसं बिघडत नसे. जमिनीवर फुटून तुकडे उडवणारे गोळे अगदी थोडे होते. आमच्या धंद्यात असं रोज दिसतं: प्रोग्राम चोख, पण समोर आलेलं काम वेगळंच.

शरणागती १५ फेब्रुवारीला झाली. त्याआधी इंग्रजांनीच त्या तोफा उडवल्या. आज तिथे प्रतिकृती आहे. खालची दारूगोळ्याची भुयारं १९९१ मध्ये पुन्हा सापडली.

मला त्या विनोदाचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. बेटाच्या तोफखान्यात हाँगकाँग-सिंगापूर रॉयल आर्टिलरीचे भारतीय जवान होते. शरणागतीनंतर फॅरर पार्कवर ४० हजारांहून अधिक भारतीय सैनिक युद्धकैदी म्हणून गोळा केले गेले. पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली ती यांच्यातूनच. क्रांजीच्या स्मारकावर थडगं नसलेल्या २४ हजारांहून जास्त जणांची नावं कोरली आहेत, त्यांत आपली माणसं पुष्कळ. ‘उलट्या तोफा’ म्हटलं की हे सगळे गोष्टीतून गायबच होतात.

कुणी सिंगापूरला आलात तर सेंटोसावर युनिव्हर्सल स्टुडिओ जरूर बघा, पण त्याच बेटाच्या पश्चिम टोकाला सिलोसो किल्ला आहे, तिथेही चला. मी घेऊन जाईन. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र आणा, उकाडा आपल्या मे महिन्यासारखा असतो.