किरणांचाही सातबारा हवा

(जयगड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बांधाचा वाद निघाला की आपण प्रथम जुनी मोजणी मागतो. पूर्वीची नोंद नसेल, तर बांध कोणी किती सरकवला हे सिद्ध करता येत नाही. आज मला अशाच एका नोंदीविषयी बोलावयाचे आहे. आपल्या मातीत, पाण्यात आणि हवेत निसर्गतःच असलेल्या किरणोत्साराची ती नोंद होय.

किरणोत्सार म्हटले की अणुभट्टी डोळ्यांसमोर उभी राहते. वस्तुतः अणुभट्टी ही कालची गोष्ट आहे. किरणोत्सार पृथ्वीच्या जन्मापासून आहे. खडकांत युरेनियम व थोरियम असते. त्यांच्या विघटनातून निपजणारा रेडॉन वायू आपण श्वासावाटे घेतो. आकाशातून वैश्विक किरणांचा वर्षाव अखंड चालू असतो. अन्नातून पोटॅशियम शरीरात जाते आणि त्याचाही अल्प अंश किरणोत्सारी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या हिशेबाप्रमाणे या सर्वांपासून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. त्यातील सुमारे निम्मा वाटा एकट्या रेडॉनचा आहे.

परंतु ही सरासरी जगाची झाली, गावाची नव्हे. केरळात चवरा-करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळू आहे. तीत थोरियम असल्यामुळे तेथील मात्रा सरासरीच्या कित्येक पट भरते. आपल्याकडेही मालगुंडपासून पूर्णगडपर्यंत जागोजागी काळी वाळू आढळते. ती मात्र मुख्यतः बसाल्ट खडकाच्या झिजेतून आलेली आहे आणि बसाल्टात युरेनियम-थोरियमचे प्रमाण कमी असते. दोन्हीकडील वाळू काळी, पण गुणधर्म वेगळे! रंग पाहून भय बाळगणे चूक आणि रंग पाहून निर्धास्त राहणेही चूक. मोजल्याखेरीज बोलू नये, हाच येथे धडा आहे. करुणागपल्लीतील सुमारे ७०,००० रहिवाशांचा जो दीर्घ अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तेथील नैसर्गिक किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. आपल्या भूमिकेला सोयीचा असो वा नसो, असा निष्कर्ष दडवून ठेवणे आपल्याला शोभणारे नाही.

मोजणी कशी करतात? गायगर गणकयंत्र त्या क्षणीची पातळी दाखवते. वर्षभराचा हिशेब हवा असेल तर विशिष्ट स्फटिकाच्या चकत्या जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर तीन-तीन महिने टांगून ठेवतात. साठलेली मात्रा चकती तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि ती मोजता येते. मातीचे, पाण्याचे, मासळीचे नमुने प्रयोगशाळेत निराळे तपासावे लागतात. कोकणात ऋतूंचे भान विशेष ठेवले पाहिजे. पावसाची सर रेडॉनपासून झालेली द्रव्ये हवेतून खाली आणते, त्यामुळे काही तास आकडा चढतो. उलट, भिजलेली जमीन खालून येणारे किरण अडवते आणि आकडा उतरतो. म्हणून एका दुपारी यंत्र फिरवून केलेली पाहणी ही मोजणी नव्हे. निदान वर्षभर, सर्व ऋतूंत आणि त्याच त्याच जागी मोजले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सामान्य नागरिकासाठी नियमाने ठरलेली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. ही मर्यादा निसर्गाकडून आणि वैद्यकीय तपासण्यांतून मिळणाऱ्या मात्रेच्या वरची आहे. म्हणजे हा वजाबाकीचा हिशेब झाला. ज्यातून वजा करावयाचे तो मूळ आकडाच ठाऊक नसेल, तर कारखाना म्हणेल, 'हे निसर्गाचे आहे'. गावकरी म्हणतील, 'हे तुमचे आहे'. आणि निवाडा कोणालाच करता येणार नाही. अशा अनिश्चिततेत जय नेहमी बलवत्तर पक्षाचाच होतो.

या जयगडात २०१० व २०११ या वर्षांत १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. कोळशातही अल्प प्रमाणात युरेनियम व थोरियम असते. कोळसा जळून जातो, ती द्रव्ये मात्र बव्हंशी राखेत एकवटतात. त्यांपासून लोकांना मिळणारी मात्रा सामान्यतः नैसर्गिक मात्रेच्या मानाने अल्प असते, हे मी स्पष्टपणे सांगतो. तरीही प्रश्न उरतोच. भट्ट्या पेटण्यापूर्वी येथील मातीचा आकडा काय होता? तो तुमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे काय? गेलेली वेळ परत आणता येत नाही. पण राखेपासून दूरच्या, त्याच जातीच्या जमिनीवर तुलनेची मोजणी आजही करता येईल.

राजापूर तालुक्यात माडबनला तर वेळ अजून हातची गेलेली नाही. जैतापूर प्रकल्पाच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या नियोजित सहा अणुभट्ट्यांपैकी एकही उभी नाही. प्रकल्पाला विरोध असो वा पाठिंबा, मूळ मोजणी आजच हवी, यावर दोघांचेही एकमत व्हावयास हरकत नसावी.

मोजणीची सत्ता किती मोठी असते, ते एप्रिल १९८६ मध्ये जगाने पाहिले. २६ तारखेला चेर्नोबिलची भट्टी फुटली. सोव्हिएत सरकार मौन धरून होते. २८ तारखेला हजारांहून अधिक किलोमीटरांवरील स्वीडनमध्ये, फोर्समार्क केंद्रातील एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सारी धूळ सापडली आणि मौन सुटले. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्याने आपल्याच कामगारांपासून सत्य लपवले, हे आपण विसरता कामा नये. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानी नागरिकांनी स्वतः यंत्रे जुळवून मोजणी आरंभिली, ती याच अनुभवाचे पुढचे पाऊल होय.

आपल्याकडे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने अणुविषयक माहिती गोपनीय ठरवण्याचे अधिकार केंद्राला दिले आणि मौन ही सरकारी सवयच झाली. पण आमच्या जांभ्या दगडात निसर्गाने काय ठेवले आहे, हे राष्ट्राचे गुपित कसे असू शकेल?

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन कामे अंगावर घ्यावीत. सरकारी यंत्रणेने केलेली मोजणी मराठीत, गाववार आणि ऋतुवार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी, असे ठराव ग्रामसभांतून करून घ्यावेत. मोजणीच्या वेळी गावचा एक शिक्षक आणि एक मच्छीमार हजर असावा, असा आग्रह धरावा. आणि महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन स्वतंत्र नोंदवही सुरू करावी. ते काम रुक्ष आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण मोर्चातील घोषणा संध्याकाळी विरून जाते. नीट ठेवलेली वही पुढच्या पिढीलाही न्यायालयात उभी करता येते.