तिसरी पिन



परदेशी जाणाऱ्या मुलामुलींनी काय तयारी करावी, यावर बोल, असं मला सांगण्यात आलं. व्हिसा, मुलाखत, तिथली भाषा यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज भिंतीवरच्या बोर्डाबद्दल बोलणार आहे. हसू नका. या बोर्डापायी आमच्या घरातला एक मुलगा मरता मरता वाचला, आणि त्यात चूक माझी होती.

मी इंदापूरचा. अब्बांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, शटर, उसाच्या ट्रॉलीची डागडुजी. शाळा सुटली की मी दुकानात असायचो. तिथे धड पिन असलेलं हत्यार क्वचित दिसायचं. पिन तुटली की वायरची दोन टोकं सोलायची, बोर्डाच्या भोकांत घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खुपसून घट्ट करायची. तिसरी हिरवी वायर कापून टाकलेली. "तिचं काय काम? मशीन तर चालतंय," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे बारामतीला इंजिनियरिंगला आलो. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर असतो. अर्थिंगची आकृती मी मार्कांसाठी नीट काढली. घरी येऊन दुकानातला बोर्ड मात्र कधी उघडून बघितला नाही.

नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेलो, तेव्हा अम्मीने बॅगेत मिक्सर घातला. तिकडची भिंतीतली सॉकेटं पाहून गोंधळलो. वाटीसारखा खोल गोल खड्डा, आत दोन भोकं, तिसरं नाहीच. आपली तीन पिनांची पिन काही जाईना. मी एक स्वस्तातला अडॅप्टर आणला, मिक्सर लावला, चालला. तिकडेही आपल्यासारखेच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहेत, त्यामुळे चालणारच होता.

आमच्या इमारतीत एक तुर्की चाचा राहायचे, निवृत्त इलेक्ट्रिशियन. 1961 साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांचा करार झाला आणि लाखो तुर्की माणसं तिकडे कामाला गेली. त्यांच्यातलेच एक. एकदा चटणी वाटताना ते घरात आले. अडॅप्टर हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला आणि एकच विचारलं, "याचा अर्थ कुठे आहे?"

मग त्यांनी दाखवलं. जर्मन सॉकेटात अर्थचं भोक नसतं. खड्ड्याच्या कडेला, वर आणि खाली, पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात. जर्मन पिनेच्या अंगावरही तशाच दोन पट्ट्या असतात. पिन आत जाताना आधी या पट्ट्या एकमेकींना भिडतात, मग वीज जोडली जाते. माझ्या अडॅप्टरमध्ये आपल्या तिसऱ्या पिनेसाठी भोक होतं, पण ते पुढे कशालाच जोडलेलं नव्हतं. नुसतं भोक. चाचांनी मिक्सरची जुनी पिन काढून जर्मन पिन बसवून दिली. तपकिरी वायर, निळी वायर आणि हिरवी-पिवळी अर्थची.

आपल्या पिनेतही हीच अक्कल आहे. आपली वरची पिन लांब आणि जाड का असते? लांब, म्हणजे लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड, म्हणजे ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. ही रचना आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आली. इंग्लंडने 1947 साली चपट्या तीन पिनांचं, पिनेतच फ्यूज असलेलं नवं मानक काढलं. आपण मात्र त्यांच्या जुन्या गोल पिना ठेवल्या. आज त्या 6 आणि 16 अँपिअरच्या मिळतात. बारामती एमआयडीसीत पियाजिओ आणि फेरेरो या इटलीच्या कंपन्या आहेत. इटलीची पिन आणखी वेगळी, तीन गोल पिना एका ओळीत, मधली अर्थची. आकार देशोदेशी बदलतात. तिसऱ्या वायरीचं काम सगळीकडे एकच.

आता माझी चूक सांगतो.

तीन वर्षांनी सुट्टीवर येताना मी अब्बांसाठी एक छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलं. आमच्याकडचं जुनं मशीन दोघांनी उचलावं असं. हे एका हातात मावणारं. अब्बा खूश झाले. गल्लीतले लोक बघायला आले. पिन जर्मन होती. बोर्डात लावून पाहिली, तर दोन्ही गोल पिना आपल्या सॉकेटात सरळ बसल्या! व्होल्टेज तेच. अडॅप्टरही लागला नाही. मशीन झकास चाललं.

मंडळी, घोटाळा इथेच होता. पिन बसली नसती तर आम्ही ती बदलली असती. ती बसली, म्हणून कुणी विचारच केला नाही. आपल्या सॉकेटाला कडेच्या पट्ट्या नसतात, आणि तिच्याकडे आपल्या अर्थच्या भोकात जाणारी पिन नव्हती. अर्थ सुटलेला होता. श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात मला ज्याचा धडा मिळाला होता, तेच मी इंदापुरात केलं. परक्या देशात मी प्रत्येक गोष्ट विचारून करत होतो. घरी आलो आणि बेफिकीर झालो.

मी परत गेलो. जूनमध्ये एका रात्री बहिणीचा फोन आला. पाऊस झाला होता, दुकानाची फरशी ओली होती. चाचांच्या मुलाने मशीन पावसापासून आत सरकवायला त्याच्या लोखंडी पेटीला हात घातला आणि हात तिथेच चिकटला. ओरडताही येईना. अब्बा त्याला ओढायला धावले. माझी धाकटी बहीण दारात उभी होती, बारावी सायन्सला. ती ओरडली, "हात नका लावू!" आणि तिने मेन स्विच पाडला. तो पडला. श्वास चालू होता. तळहात भाजला, काही दिवस दवाखान्यात काढले, आणि वाचला. अब्बांनी हात लावला असता तर त्या रात्री दोघे गेले असते.

वायरमनने मशीन उघडलं. केबल पेटीत शिरते तिथला रबर निघून गेला होता. पत्र्याच्या धारेने वायरचं आवरण घासलं गेलं आणि आतलं तांबं पेटीला टेकलं होतं. अर्थ असता, तर टेकताक्षणी मोठा करंट अर्थमधून गेला असता, एमसीबी पडला असता, आणि फार तर त्या दिवसाचं काम खोळंबलं असतं. अर्थ नव्हता, म्हणून एमसीबीला काही कळलंच नाही. पेटी कुणाच्या तरी हाताची वाट बघत राहिली.

यात एक बारकावा आहे, तो वेल्डिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. अब्बा फोनवर मला सारखं म्हणत होते, "अरे, अर्थ तर लावला होता की!" त्यांचंही खोटं नव्हतं. आपल्या दुकानांत जॉबला लावायच्या चिमट्याला सगळे 'अर्थ' म्हणतात. पण तो वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारा रस्ता आहे. मशीनच्या पेटीचं तो रक्षण करत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं आणि त्यामुळे खरा अर्थ आहे की नाही, हे कुणी बघितलंच नाही.

लोक म्हणाले, पोराचं नशीब बलवत्तर. असेल. पण नशिबावर सोडायचं कारण नव्हतं. एक पिन बदलायला दहा मिनिटं लागतात.

आता तुमच्या कामाचं सांगतो.

बाहेर जाताना वस्तूच्या मागची पट्टी वाचा. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. त्याला फक्त पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर पुरतो. मिक्सर, इस्त्री यांवर नुसतं 230 लिहिलेलं असेल तर ती अमेरिकेत चालणार नाही, कारण तिथे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ आहेत. आपली इस्त्री तिथे जेमतेम पाव ताकदीने तापेल. उलट, अमेरिकेतली 120 व्होल्टची इस्त्री इथे लावली तर साडेतीन पटींहून जास्त ताकद तिच्यातून जाईल आणि ती जळेल. अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. ते काम ट्रान्सफॉर्मरचं.

आखातात जाणाऱ्यांनी ऐका. दुबईत इंग्लंडसारखी चपटी पिन आहे, आत फ्यूज असतो. तो उडाला तर त्या जागी तार गुंडाळू नका. सौदीत वीज 60 हर्ट्झची आहे, त्यामुळे इथला पाण्याचा पंप तिथे जास्त वेगाने फिरेल आणि त्याच्यावर भार येईल. इंग्लंडमध्ये बांधकामावर हातातली हत्यारं 110 व्होल्टवर चालवतात. त्यांचा पिवळा ट्रान्सफॉर्मर असा जोडलेला असतो की जमिनीच्या तुलनेत 55 व्होल्टच उरतात. कामगाराला शॉक बसला तरी तो जगावा, हा त्यामागचा हिशेब. आपल्या पोरांचाही असा हिशेब कुणीतरी केला पाहिजे.

हत्यारावर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली, तर त्याला दुहेरी आवरण आहे. बरीच ड्रिल मशीन आणि हँड ग्राइंडर तशी असतात. त्यांना तिसरी पिन लागत नाही. ती खूण नसेल आणि अंग धातूचं असेल, तर तिसरी पिन हवीच.

आमच्या दुकानात आता काय आहे? मशीनला 16 अँपिअरची तीन पिनांची पिन. नवीन अर्थिंग, उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालतात. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या अंगाने 230 व्होल्टला हात लागला तर शरीरातून दोनशे मिलिअँपिअरही जाऊ शकतात. 16 अँपिअरच्या एमसीबीला ते दिसतच नाहीत. माणसाच्या हृदयाला मात्र पुरतात. आरसीसीबी ते ओळखतो आणि लगेच पडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबायचं काम बहिणीकडे आहे. बोर्डाला हात लावायचा नाही, असं आपण मुलींना सांगतो. आमच्या घरी ज्या मुलीला बोर्डातलं कळत होतं, तिनेच दोघांना वाचवलं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. वायरमनला बोलावून विचारा, वरच्या मोठ्या भोकाला वायर जोडलेली आहे का, आणि ती खरंच जमिनीपर्यंत जाते का. कुणाचा भाऊ बाहेरगावाहून काही घेऊन आला असेल, तर त्याची पिन बघा. आणि शेतातल्या मोटारीचा लोखंडी स्टार्टर विसरू नका. पाऊस तोंडावर आला आहे.

चाचांचा मुलगा आता स्वतःचं दुकान चालवतो. त्याच्या तळहातावर अजून व्रण आहे. नवीन कारागीर आला की तो आधी हात दाखवतो, मग बोर्ड दाखवतो. काम नंतर.