दोन खात्यांमधील फट
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



२०३० सालच्या शताब्दी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले, ही प्रत्येक राष्ट्राभिमानी मनाला सुखावणारी वार्ता आहे. पदके किती मिळतील, याची चर्चा आता घरोघर होईल. परंतु यजमान राष्ट्राची परीक्षा मैदानाबाहेर, रेल्वे स्थानकापासून प्रवेशद्वारापर्यंतच्या रस्त्यावर होते. तेथे सुरक्षा एका खात्याकडे असते आणि वाहतूक दुसऱ्याकडे. येणारा माणूस मात्र एकच असतो. या दोन खात्यांमध्ये फट राहिली, तर तिची किंमत तोच मोजतो.

५ सप्टेंबर १९७२. म्युनिकच्या क्रीडाग्रामात पहाटे आठ दहशतवादी शिरले. इस्रायली पथकातील दोघांची त्यांनी हत्या केली आणि नऊ जणांना ओलीस धरले. रात्री विमानतळावर सुटकेचा प्रयत्न झाला. तेथे नेमबाज केवळ पाच होते. शत्रू आठ आहेत, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. परस्परांशी बोलण्यास त्यांच्याजवळ बिनतारी यंत्रे नव्हती. मागवलेल्या चिलखती गाड्या रस्त्यावरील कोंडीत अडकल्या. नऊही ओलीस मारले गेले. सुरक्षेचा प्रश्न त्या रात्री वाहतुकीच्या प्रश्नापाशी येऊन थांबला होता.

१९९६ साली अटलांटात बसचालक बाहेरगावांहून आणले गेले. त्यांना शहराचे रस्ते ठाऊक नव्हते. खेळाडू ताटकळत राहिले. २७ जुलै रोजी मध्यरात्रीनंतर ऑलिंपिक उद्यानात बॉम्ब असल्याचा दूरध्वनी आपत्कालीन केंद्रात आला. त्या नव्या उद्यानाचा पत्ताच केंद्राच्या संगणकात नव्हता! तो शोधण्यात मोलाची मिनिटे गेली. स्फोट झाला, एक महिला मृत्युमुखी पडली, शंभराहून अधिक जखमी झाले. एका यंत्रणेने उद्यान उभारले, दुसरीला त्याची नोंदही नव्हती.

चुकांतून शिकणारेही असतात. सिडनीने २००० सालच्या ऑलिंपिकसाठी रस्ते व वाहतूक यांचे स्वतंत्र प्राधिकरण तीन वर्षे आधीच नेमले. प्रेक्षकांच्या खासगी गाड्यांना मुख्य संकुलाजवळ मज्जाव केला आणि तिकिटातच रेल्वे-बसचा प्रवास दिला. एकाच निर्णयाने रस्ते मोकळे राहिले आणि घातपाताच्या वाहनाचा धोकाही घटला.

आपल्याकडचा धडा अजून ताजा आहे. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत विजयोत्सवासाठी सुमारे ३५ हजार आसनांच्या मैदानाभोवती लाखोंचा समुदाय लोटला. चेंगराचेंगरीत ११ जण दगावले. तेथे कोणी शत्रू आला नव्हता. घाईने ठरलेला समारंभ, प्रवेशाबाबतचा संभ्रम आणि यंत्रणांतील विसंवाद एवढेच पुरेसे ठरले.

मग उपाय कोणता? पोलीस, रेल्वे, मेट्रो, बससेवा, अग्निशमन आणि रुग्णालये यांचे अधिकारी एकाच नियंत्रण कक्षात बसले पाहिजेत. संकटसमयी अंतिम शब्द कोणाचा, हे आधीच लेखी ठरले पाहिजे. सराव कागदावर न होता रस्त्यावर, भर गर्दीत झाला पाहिजे.

महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, चालण्याची जागा ठरलेली असते. चोपदाराने दंड उंचावताच टाळ-मृदंग थांबतात आणि अथांग समुदाय निःशब्द होतो. आज्ञा एकाची असते. ती पाळण्याचा संस्कार मात्र सर्वांचा असतो.

हा संस्कार हाच समाजाचा वाटा. ४ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्यांच्या स्वागतासाठी जनसागर उसळला असता त्याच गर्दीने रुग्णवाहिकेला वाट करून दिली होती. तो विवेक प्रसंगापुरता न राहता अंगवळणी पडला पाहिजे. स्थानकावर वाट दाखवणारा, वृद्धांना हात देणारा, अफवा तेथेच थोपवणारा स्वयंसेवक शहराच्या प्रत्येक वस्तीतून घडवता येईल. त्यासाठी २०३० ची वाट पाहण्याचे कारण नाही. गावच्या जत्रेत, गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याचा अभ्यास याच वर्षी सुरू होऊ शकतो.

पाहुणा सुखरूप घरी परतला, म्हणजेच यजमानाचे व्रत पूर्ण झाले.