नापास झालेले विज्ञान शिक्षक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दहावीचा निकाल लागला की वस्तीतली दोन-चार पोरं तोंड लपवून बसतात. त्यांच्यासाठी आज एका मास्तरांची गोष्ट सांगतो.

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म १८२२ साली, आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. शिक्षणाला पैसा नव्हता. तेव्हा धाकट्या बहिणीने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला. पुढे ते ब्रनो शहरातल्या ख्रिस्ती मठात दाखल झाले आणि शिकवू लागले. पण १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले. १८५६ साली पुन्हा बसले, तेव्हाही जमले नाही. १८५४ पासून चौदा वर्षे त्यांनी शाळेत विज्ञान शिकवले, ते बदली मास्तर म्हणूनच!

म्हणून ते रडत बसले का? नाही. मठाच्या बागेत त्यांनी वाटाणा लावला. आठ वर्षांत सुमारे २८,००० झाडे तपासली. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला, तर पुढची सगळी झाडे उंच निघाली. बुटकेपणा संपला, असे कोणीही म्हटले असते. मेंडेल यांनी त्याच झाडांचे बी पुन्हा लावले आणि मोजले. ७८७ उंच, २७७ बुटकी! म्हणजे साधारण तीनास एक. गुण गेला नव्हता, नुसता झाकला गेला होता.

१८६५ साली त्यांनी हे सभेत वाचले, १८६६ साली छापले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ साली ते वारले. १९०० साली इतर शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षाला पोचले, तेव्हा जगाला मेंडेल कळले. आज त्यांना आनुवंशशास्त्राचे जनक म्हणतात.

आयाबायांनो, गुणपत्रक खोटे नसते. पण ते त्या परीक्षेपुरतेच असते. नापास पोराला मारू नका, पुन्हा बसवा. त्या बहिणीचे उपकार मेंडेल विसरले नाहीत, तिच्या मुलांच्या शिक्षणाला त्यांनी मदत केली. आपल्या घरात मात्र पोरीनेच दरवेळी वाटा सोडावा असे नको, तिलाही शिकवा.

आणि पोरांनो, घरी डब्यात चार वाटाणे लावा. रोज बघा, मोजा, वहीत लिहा. विज्ञान तिथूनच सुरू होते.

जयभीम!