देवाची खूण कशी ओळखावी?

मायबाप हो, वारीला जाणाऱ्याला दिवे घाट सांगावा लागत नाही. पुण्याहून सासवडचा तो लांबचा टप्पा. हडपसर मागं पडलेलं, पाय भरून आलेले, आणि पुढं चढण उभी. माऊलींच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, मग आपल्या पायांची काय कथा! गळा बसतो, हातातला टाळ जड होतो. अशा वेळी डोंगरावरून गार वारा सुटतो, ढग खाली उतरतो आणि चार थेंब अंगावर पडतात. मग बघा! बसलेला गळा उघडतो, पावली सुरू होते, आणि डोक्यावर तुळस घेतलेली माय म्हणते, "माऊली पावली गं बाई!"

ती म्हणते ते खरं का? शिकलेला माणूस म्हणेल, ज्येष्ठ सरत आला, पाऊस यायचाच. बरोबर आहे. पण ऋतू तरी कुणाचे हो? ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात सगळं जग हा चैतन्याचाच विलास म्हणून सांगितला. जग त्याचं, तर वाऱ्याची झुळूकही त्याचीच. त्या मायेचं काही चुकलं नाही.

पण थांबा. तोच पाऊस रात्री राहुटीत शिरतो, चूल विझते, अंथरूण भिजतं. तो पाऊस कुणाचा? सोयीचं तेवढं देवाचं आणि गैरसोयीचं नशिबाचं, हा हिशेब परमार्थात चालत नाही. आणि ज्याच्या शेतात पाऊस पडलाच नाही, त्याच्यावर काय देव रुसला? असं बोलाल, तर दुःखी माणसाच्या जखमेवर मीठ चोळाल.

तुकोबारायांकडे पाहा. त्यांनी विशी नुकतीच ओलांडलेली. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, मान गेला, एक पत्नी अन्नावाचून गेली, लेकरूही गेलं. तेव्हा आभाळाकडे पाहून खूण शोधली असती, तर एकच दिसली असती की देवानं पाठ फिरवली. तुकोबांनी ती खूण मानली नाही. देहूत विठ्ठलाचं देऊळ पडलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत भरलं. आपलं घर बसलं, पण माझा देव उघड्यावर आहे! त्यांनी दगड जमवले, चिखल तुडवला, भिंती उभ्या केल्या. दुःखातच त्यांना पुढच्या कामाची हाक ऐकू आली. नंतर भंडाऱ्याच्या डोंगरावर झाडंपाखरं त्यांची सोबती झाली. डोंगर दुष्काळातही तोच होता, मायबाप. सेवेत हात गुंतले, तेव्हा नजर निवळली.

म्हणून खुणेची पारख सोपी आहे. खूण पाहून हातातल्या कामाला जोर चढला, 'मी'पणा उतरला, तर खुशाल समजा की पाठीवर पांडुरंगाचा हात आहे. आणि 'मलाच पावला, शेजाऱ्याला नाही' असं वाटू लागलं, तर ती अहंकाराची खूण, बरं का!

उद्या मुक्कामाची जागा झाडताना समोर भारद्वाज दिसला, तर हात जोडा आणि पुन्हा झाडू उचला. नाही दिसला, तरी उचला. घाटात थेंब पडले की मनसोक्त नाचा. आणि रात्री राहुटी गळू लागली, की आपली कोरडी जागा शेजारच्या म्हातारीला द्या. ती अंधारात पुटपुटेल, "माऊली पावली." दुपारी ढगानं जे केलं, ते रात्री तुमच्या हातून झालं. माऊलीनं ढग वापरला, तसे तुम्हालाही वापरले. याहून मोठी खूण वारकऱ्यानं कुठं शोधायची?

रामकृष्ण हरि!