मुलांची कैफियत

(केबिन रोड, भाईंदर पूर्व येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मुलांच्या मनःस्वास्थ्यावर बोलावे, असे चालकांनी कळविले तेव्हा या विषयाला केबिन रोडवर श्रोते मिळतील की नाही, याविषयी मी साशंक होतो. परंतु जेथे असंख्य घरांतून आई अथवा वडील, आणि पुष्कळदा दोघेही, सकाळच्या चर्चगेट लोकलला लोंबकळत जातात व दिवेलागण उलटल्यावर परततात, जेथे एका खोलीत आणि स्वयंपाकघरात पाच माणसांचा संसार मावून घेतो, आणि जेथे शाळेचे दप्तर पाठीवरून उतरण्यापूर्वीच मुलाला क्लासचा जिना चढावा लागतो, तेथे हा विषय कोणाला परका वाटत नाही, हे आजच्या गर्दीने सिद्ध केले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, मुलाचे बिघडलेले वर्तन ही त्याने मांडलेली कैफियत असते, आणि आपण मात्र ती न ऐकताच त्याला आरोपी ठरवून शिक्षा फर्मावून मोकळे होतो.

आठवीतला मुलगा धरून चला. दर सोमवारी त्याचे पोट दुखते. जंतांचे औषध होते, सोनोग्राफी होते, आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. शाळेच्या डायरीत ‘वर्गात लक्ष नाही, पालकांनी समक्ष भेटावे’ असा तांबड्या शाईतला शेरा पडतो. वडील कामावर खाडा करून शाळेत जातात, आणि त्या खाड्याची वसुली संध्याकाळी मुलाच्या पाठीवर होते. दुखणे सोमवारीच का, हे मात्र कोणी विचारीत नाही. सोमवारी पहिला तास गणिताचा असतो, त्या तासाला फळ्यापाशी उभे राहून उत्तर देताना त्याची जीभ अडखळते आणि सारा वर्ग हसतो, ही हकिकत त्या पोटात दडलेली असते. हे दुखणे ढोंग नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. भीतीने पोटात खरोखरीच कळ येते. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आणि पंधरा वर्षांची मुलगी उदास दिसण्याऐवजी चिडखोर दिसते, म्हणून घरचे तिला उद्धट ठरवितात. वास्तविक या वयातले नैराश्य पुष्कळदा चिडचिडीचाच वेष घेऊन येते.

वर्तनामागचे कारण शोधावे, हा धडा मुंबईने एकदा गिरविलेला आहे. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह येथे निघाले, तेव्हा वाट चुकलेल्या मुलाला शिस्त आणि हातास काही उद्योग दिला म्हणजे तो सुधारतो, अशी समजूत होती. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने मुलाचा इन्साफ प्रौढाच्या इन्साफापासून निराळा काढला. तोवर तिकडे शिकागोत विल्यम हीली यांनी बालन्यायालयापुढे येणाऱ्या मुलांचा एकेकटा अभ्यास १९०९ पासूनच आरंभिला होता, आणि प्रत्येक मुलाच्या अपराधामागची कारणपरंपरा स्वतंत्र असते, या निष्कर्षाला ते आले होते. तो विचार आपल्याकडे रुजला तो १९३७ साली, ज्या संस्थेला पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले तिने मुंबईत काढलेल्या बालमार्गदर्शन केंद्रात. हिंदुस्थानातले असे हे पहिलेच केंद्र. अशा केंद्राची रीत अशी की, मानसोपचारतज्ज्ञ मुलाला तपासतो, मानसशास्त्रज्ञ त्याच्या बुद्धीचा व भावनांचा अंदाज घेतो, आणि समाजकार्यकर्ता त्याच्या घरी जाऊन चूल, शेजार आणि आईबापांचा संवाद पाहून येतो. तिघांपैकी घरी जाणारा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे डहाणूकडे, बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, ताराबाई मोडकांनी मुलाला भय आणि लालूच या दोहोंवाचून वाढविता येते, हे आदिवासी पाड्यांत जाऊन दाखविले. त्याची आठवण आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांना क्वचितच होते.

मनाच्या औषधोपचाराचे नाव काढताच आपण बिचकतो, त्याचे कारण ठाण्यात आहे. १९०१ साली तेथे मनोरुग्णालय झाले आणि ‘याला ठाण्याला न्या’ ही थट्टा घरोघर रूढ झाली. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था उभी केली. तेथे घोडबंदर रस्त्याने जाता येते, आणि जाण्यात लाज बाळगण्याजोगे काही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या दर शंभर मुलांत सुमारे सातांना मानसिक विकार आढळले, आणि महानगरांत हे प्रमाण बरेच अधिक होते. म्हणजे साठांच्या वर्गात चार मुले धरावीत. ती चार कोणती, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असते काय?

सरकारनेही काही केलेले आहे. २०१४ पासूनच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयाच्या मुलांसाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिके निघाली. २०२४ च्या फेब्रुवारीत, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे परिपत्रक निघाले. हेतू उत्तम, पण वयात येताना ज्यांच्या झोपेचे घड्याळच मुळी पुढे सरकते ती आठवी-नववीची मुले त्यातून वगळली गेली. सकाळच्या पाळीत ती पेंगतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणतो.

एक बाब मात्र उद्यावर टाकण्याजोगी नाही. मूल ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणाले किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर त्याला जवळ बसवून, आवाज न चढविता, जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने विचार पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. त्याला एकटे सोडू नये, औषधे आणि विषारी पदार्थ कुलपात ठेवावेत, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, मुलांसाठीचा १०९८ हाही विनामूल्य आहे. पूर्वी दंडविधानाच्या ३०९व्या कलमाच्या धाकाने घरचे अशी गोष्ट दडपीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरून तिला शिक्षेतून मोकळीक दिली आणि तिच्या शुश्रूषेची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. तेव्हा पोलिसांच्या भीतीने मुलाला रुग्णालयात नेण्यास विलंब करण्याचे कारण आता उरलेले नाही.