बागप्रेमी मंडळे आणि गच्चीवरचा पाचोळा

पुण्यात रेसकोर्सलगतच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. ही बाग सांभाळणारी ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था १८३० सालची. गुलाब, शेवंती आणि डेलियाच्या कुंड्या, बोन्साय, पुष्परचना, भाजीपाल्याच्या स्पर्धा, त्यातली हौस आणि चुरस हे शहरी बागप्रेमींचे जुने, सर्वांच्या ओळखीचे रूप. ते आजही टिकून आहे. मात्र गेल्या काही दशकांत पुण्या-मुंबईच्या बागप्रेमी गटांत फुलांइतकीच चर्चा मातीची होऊ लागली आहे. कोणाची शेवंती किती मोठी, याच्या जोडीला कोणाचे खत किती दिवसांत झाले, हेही विचारले जाते.

याचे एक कारण अगदी रोकडे आहे. शहरातली बाग गच्चीवर गेली आणि मातीचे वजन आडवे आले. निवासी इमारतीची वापरातली गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून आखलेली असते. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर याच जागेवर पाचशे किलोंच्या आसपास भरतो. तेव्हा मातीला हलका पर्याय हवा होता. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड भरून गच्चीवर भाजीपाला पिकवून दाखवला. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळ्यापासून भुसभुशीत, सकस माती घरीच तयार करण्याची दिशा दिली. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक. गच्चीवरच्या बागेचा विचार करणाऱ्यांना यातून मोठा आधार मिळाला.

ही माती करण्याची कृती मंडळांच्या कार्यशाळांत सर्वाधिक शिकवली जाते. बाजूने भोके पाडलेल्या पिंपात किंवा विटांच्या वाफ्यात तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्या घालतात. त्यावर वाळक्या पानांचा जाड थर, मग भाज्यांची देठे-साली, पुन्हा पाने. सुरुवातीला शेणाचा काला किंवा आंबट ताक विरजण म्हणून शिंपडतात. वाळक्या पानांत कर्ब जास्त, ओल्या कचऱ्यात नत्र जास्त. जिवाणूंना कर्बाचे नत्राशी प्रमाण सुमारे तिसास एक असे लागते. पाने कमी पडली की ढीग चिकट होऊन वास मारतो, पाणी कमी पडले की काम थंडावते. मूठभर माल घट्ट दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी निथळू नये, एवढी परीक्षा पुरते. वर्षावृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा-फणसाच्या चिवट पानांना बरेच महिने लागतात, म्हणून ती चुरून टाकावी लागतात.

एवढी पाने आणायची कुठून, हा प्रश्न शहरात पडू नये. माघ-फाल्गुनात पुण्याचे रस्ते पाचोळ्याने भरून जातात आणि झाडलोट झाली की कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचा धूर निघतो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा व्यवस्थापन नियमांत बंदी आहे. तरी काडेपेटी अजून हाताशीच असते. पुण्यातल्या ‘ब्राऊन लीफ’सारख्या गटाने साधी तजवीज केली: ज्यांच्या अंगणात पाने जास्त झाली ते पोती भरून ठेवतात आणि ज्यांना गच्चीसाठी हवीत ते ती घेऊन जातात. कुंड्या विकत घेण्यापेक्षा ही देवघेव अधिक मोलाची म्हणायला हवी. यात बाग आणि कचरा हे दोन्ही प्रश्न एकाच पोत्यात सुटतात.

बियांची देवाणघेवाण ही मंडळांची दुसरी आवड. वाल, पावटा, घोसाळे, माठ, अंबाडी यांचे गावरान बी घरी धरता येते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. दुधी-दोडक्यांत मात्र एकाच पिकाचे दोन वाण शेजारी असले तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. म्हणून मादी फूल उमलण्यापूर्वी झाकून हाताने परागण करतात. वाळवलेले बी राखेत घोळून ठेवण्याची जुनी रीत आजही चालते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान वाणांच्या अशाच जतनासाठी २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या बागप्रेमींचेही या कामाकडे लक्ष गेले.

किडींच्या बाबतीत जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण हा नेहमीचा पाहुणा. जोरदार पाण्याने धुणे आणि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारणे हे दोन उपाय बहुतेकांना पुरतात.

पाण्याच्या बचतीतही पाचोळाच पुढे येतो. कुंडीवर त्याचे तीन-चार बोटांचे आच्छादन असले की वैशाखातही माती लवकर वाळत नाही. पावसाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. वाहून आलेली पाने गच्चीच्या पन्हळात अडकली तर पाणी तुंबते आणि खालच्या मजल्यावर छताला ओल येते. म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, पन्हळाच्या तोंडाशी जाळी बसवावी आणि मृगाआधी गच्चीचे जलरोधन तपासून घ्यावे.